कोंबडीची पाठ उघडी पडली, तर औषधाआधी काय बघायचं

ताई, तुमच्या प्रश्नातली माहिती आधी इथे मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उत्तर लागू करता येईल. गाव आर्णी तालुक्यातलं. १४ कोंबड्या, २ कोंबडे. टिनाचं खुराडं, आत बसायला बांबू आडवे बांधलेले. पेरणी झाली तशा शेजारच्या वावरात उकरतात म्हणून भांडणं झाली आणि कोंबड्या दिवसभर आतच राहू लागल्या. खायला कणकी (तांदळाचा चुरा) आणि ज्वारी. दीड महिन्यात सहा-सात जणींच्या पाठी उघड्या पडल्या, एकीच्या शेपटीखाली जखम झाली, दोघी खाली पडलेली पिसं गिळताना दिसल्या, अंडी निम्म्यावर आली. एकाने सांगितलं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात टाकून कोंबड्या बुचकळून काढा, दुसऱ्याने सांगितलं चोची डागा. तुम्ही विचारता, हा रोग आहे का आणि पिसं परत येतील का.

मी वर्धा-यवतमाळ भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि घरी कोंबड्या लहानपणापासून आहेत. पिसं गेलेल्या कोंबडीवर कारण न बघता औषध टाकलेलं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की हे उत्तर लांबलं तरी चालेल, पण अर्धवट लिहायचं नाही असं ठरवलं.

आधी ते पऱ्हाटीचं औषध. ते कोंबडीच्या अंगाला लावू नका, खुराड्यात फवारू नका, त्या पंपाने साधं पाणीसुद्धा मारू नका. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण जवळून पाहिलं. माणूस निदान अंग धुतो. कोंबडी दिवसभर चोचीने पिसं साफ करते, म्हणजे अंगावर जे लावाल ते तिच्या पोटात जातं, आणि तिथून अंड्यात. ती अंडी घरची लेकरं खातात. पेरणीतलं उरलेलं दाणेदार औषध खुराड्याच्या फटीत टाकणारेही मला भेटले आहेत. ते तर कोंबडी दाणा समजून टिपते.

दुसरं काम आजच करायचं. जखम झालेली कोंबडी बाजूला काढा. डालग्याखाली ठेवली तरी चालेल, पण बाकीच्यांना ती दिसेल अशा जागी ठेवा, नाहीतर परत सोडल्यावर तिला परकी समजून मारतात. जखम कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा आणि कडूनिंबाच्या तेलात हळद घट्ट कालवून वर लेप द्या. तेल कडू, त्यामुळे कोणी दुसऱ्यांदा चोच मारत नाही, आणि लाल रंग झाकला जातो. कोंबडीला लाल रंग ओढून घेतो. रक्ताचा एक ठिपका दिसला की एकीचं बघून दुसरी टोचते आणि संध्याकाळपर्यंत आतडी बाहेर काढतात, हे मी पाहिलेलं आहे. पावसाळा आहे, माश्या आहेत, तेव्हा जखम सकाळ-संध्याकाळ बघा. अळ्या दिसल्या किंवा अंग बाहेर आलं असेल तर घरी उपाय करत बसू नका, कोंबडी पिशवीत घालून दवाखाना गाठा.

आता मुख्य मुद्दा. पिसं कुठली गेली आणि कशी गेली, हे कोंबडी हातात धरून बघितल्याशिवाय काहीच ठरत नाही. पाठीवरून बोटं फिरवा. झाडूच्या काड्या टोचाव्यात तसं टोचलं तर पिसं मधूनच तुटलेली आहेत. हे काम बहुतेक कोंबड्याचं असतं, त्याच्या पायांनी आणि नखांनी झालेलं. साफ, गुळगुळीत कातडी हाताला लागली तर पिसं मुळासकट उपटली गेली आहेत, म्हणजे दुसरी कोंबडी टोचते. आणि निळसर-काळ्या सुयांसारखे कोंब ओळीने वर येताना दिसले तर ती पिसं झडून नवी फुटत आहेत, तिथे काही करायचं नाही. एकाच खुराड्यात तिन्ही प्रकार सापडतात. तुमच्याकडेही एकाहून जास्त कारणं असतील असा माझा अंदाज आहे.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. छाती-पोट उघडं आणि कोंबडी रवणाला बसलेली असेल तर तिने स्वतःच पिसं काढलेली आहेत, अंड्यांना अंगाची ऊब लागावी म्हणून. मानेची फक्त पुढची बाजू घासलेली असेल तर खायचं भांडं बघा. तेलाचा पिंपा कापून केलेल्या भांड्याची कड धारदार राहते आणि रोज मान घासून घासून पिसं जातात. एका रात्रीत शेपटीच गेली तर मुंगूस किंवा मांजर येऊन गेलं. ते तोंडात धरतं, शिवाय घाबरलेली कोंबडी पिसं आपोआप सोडून देते. आणि काही गावठी कोंबड्या जन्मतःच उघड्या मानेच्या असतात. तो त्यांचा वंश आहे, रोग नव्हे. उन्हाळ्यात त्या बाकीच्यांपेक्षा बऱ्या राहतात.

यानंतर एक काम रात्री करायचं आहे, आणि त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली.

देवळी तालुक्यात एका घरी असाच प्रकार होता. मी दिवसा गेलो, कोंबड्या धरून पाहिल्या, शेपटीखाली दोन-चार उवा दिसल्या, पावडर लावायला सांगितली आणि निघालो. निघताना घरची काकू म्हणाली, "भाऊ, सांजच्याले खुराड्यात जायलेच पायत नाहीत, बाभळीवर चढून बसतात." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आठ दिवसांनी निरोप आला की दोन कोंबड्या मेल्या. मेलेलीचा तुरा पांढरा फटक होता, अंगात रक्तच नव्हतं. त्या दिवशी मी रात्री नऊ वाजता टॉर्च घेऊन गेलो. बसायचा बांबू सोडवला, खाली पांढरं पोतं पसरलं आणि बांबूचं कापलेलं टोक त्यावर आपटलं. आतून राईच्या दाण्यांहून बारीक, लाल-काळे, चालणारे किडे मुठीने पडले. बोटाखाली एक चिरडला तर रक्ताची रेघ उमटली.

हे रक्त पिणारे माइट. दिवसा कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाहीत. फटीत, टिनाच्या जोडात, बांबूच्या पोकळीत दडून राहतात आणि रात्री अंगावर चढतात. कोंबडी रात्रभर झोपत नाही, खाजवते, चिडते, दिवसा शेजारणीला टोचते. आपल्याकडे बांबू स्वस्त आणि हाताशी, म्हणून सगळे बांबू बांधतात, आणि या किड्याला बांबूच्या पोकळीसारखं दुसरं घर नाही. उष्ण हवेत त्याची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. उपाशी राहूनही तो महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे खुराडं पंधरा दिवस रिकामं ठेवून काही उपयोग होत नाही.

तेव्हा आज रात्री टॉर्च घेऊन जा. पांढरं फडकं बांबूच्या खालून दाबून फिरवा. लाल डाग उठले तर बांबू काढून चुलीत घाला. त्याजागी भरीव लाकूड बसवा, साल सोललेलं, मनगटाएवढं जाड. साल ठेवलीत तर सालीखाली पुन्हा तेच. सकाळी कोंबड्या बाहेर काढून टिनाच्या जोडात आणि खांबाच्या फटीत उकळतं पाणी ओता, वाळू द्या, फटी चिखल-शेणाने बुजवा, वरून चुना मारा. नवं लाकूड खांबाला जिथे टेकतं तिथे कडूनिंबाचं तेल चोपडा. सात दिवसांनी पुन्हा पाणी ओता, परत सात दिवसांनी पुन्हा. एकदाच केलं तर अंडी राहून जातात आणि महिन्याने सगळं जिथल्या तिथे. याच फटीत चपटे गोचीडही राहतात, त्यांनाही हेच लागू.

उवा वेगळ्या. त्या जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. दिवसा उजेडात शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा. पिवळसर किडे पळताना दिसतील, आणि पिसाच्या मुळाशी ओल्या साखरेचा गोळा चिकटल्यासारख्या लिखा. लिखांवर औषध चालत नाही, म्हणून इथेही दहा दिवसांनी दुसऱ्यांदा करावं लागतं. दवाखान्यात कोंबड्यांसाठीची पावडर किंवा औषध मिळतं. प्रमाण तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. सोबत राखेची आंघोळ द्या. चुलीची राख चाळून तेवढीच कोरडी माती मिसळा, घमेल्यात वीतभर खोल भरा आणि पाऊस येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. कोंबडी आपली आपण लोळते. राख भिजली तर फेकून द्या, ओली राख कातडी भाजते.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ: पेरणीनंतर कोंबड्या कोंडल्या. ताई, त्रास तिथून सुरू झाला. मोकळी कोंबडी सकाळी सुटल्यापासून सांजेपर्यंत उकिरडा उकरते, पानं उलटते, उधई (वाळवी) टिपते, किडा धरते. तिची चोच दिवसात हजारो वेळा खाली जाते. तीच कोंबडी टिनाच्या चार भिंतींत ठेवली, कणकी अर्ध्या तासात संपली, तर उरलेला दिवस ती चोच शेजारणीच्या पाठीवर जाते. ती दुष्ट झालेली नसते. तिला काम उरलेलं नसतं. मृगाच्या पेरणीनंतर आणि पावसाची झड लागल्यावर अशा तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात यायचे, दर वर्षी याच दिवसांत.

शेजाऱ्याशी भांडण नको हे बरोबरच आहे. त्याने पैसे घालून बियाणं आणलं आहे. पण कोंडणं आणि मोकाट सोडणं यांच्या मधलीही वाट आहे. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, दहा बाय पंधरा फूट जागेला तुऱ्हाट्यांच्या (तुरीच्या वाळक्या काड्यांच्या) ताट्या लावा, पाच फूट उंच. उडून जातात म्हणाल, तर एकाच पंखाची लांब पिसं कात्रीने अर्ध्यावर कापा. एका बाजूने तोल जातो, मग ती उडायचा प्रयत्न सोडते. पूर्ण वाढलेलं पीस कापताना दुखत नाही, नख कापावं तसं. मात्र मुळाशी निळसर, रक्त भरलेलं कोवळं पीस असेल तर त्याला हात लावू नका, ते भळाभळा वाहतं.

खुराड्यात खाली वीतभर कोरडं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टाका आणि ज्वारी भांड्यात न देता त्या कुटारात उधळा. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तणस वापरतात, तेही चालतं. बुरशी आलेलं कुटार मात्र नको. शेवग्याचा पाला, तांदुळजा, मेथीची देठं यांची जुडी बांधून कोंबडीला मान वर करावी लागेल इतक्या उंचीवर टांगा. दोन जुड्या दोन कोपऱ्यांत, म्हणजे दांडग्या कोंबड्या एकीवर कब्जा करून बसल्या तरी दुसरी मोकळी राहते. खुराड्याचं माप तुम्ही दिलं नाही. दिवसभर आत राहणार असतील तर एका कोंबडीला चार चौरस फूट धरा. म्हणजे तुमच्या १६ पक्ष्यांना आठ फूट बाय आठ फूट, त्याहून कमी नको. नुसतं रात्री झोपायला दीड-दोन चौरस फूट पुरतात. टिनाला भोक असेल आणि तिथून उन्हाची तिरीप आत येत असेल तर बुजवा. त्या उजेडात शेपटीखालचा लाल भाग चमकतो. अंडी घालायची टोपलीही अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि पुढे पोत्याचा पडदा लावा. अंडं घालताना आतला लाल भाग क्षणभर बाहेर येतो. उघड्यावर बसलेल्या कोंबडीला तिथेच टोचतात, तुमच्या त्या कोंबडीची जखम बहुधा अशीच झाली.

टिन उन्हाने तापतं तेही टोचण्यात भर घालतं. वर तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या किंवा तणस पसरलं तर आत बराच फरक पडतो. मे महिन्यात तर हे केलंच पाहिजे.

खाण्याकडे येतो. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच. कणकी आणि ज्वारीत प्रथिनं आठ-दहा टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा-सतरा टक्के, आणि पिसं फुटताना त्याहूनही थोडी जास्त. मोकळी कोंबडी हा फरक किडे खाऊन भरून काढते. कोंडलेली तो कुठून भरणार? पडलेली पिसं गिळणं हे त्याच भुकेचं लक्षण आहे. पोट भरलेलं असतं आणि अंग उपाशी असतं.

दहा किलो खाद्य घरी असं करता येतं: साडेपाच किलो ज्वारी, मका किंवा कणकी भरडून, दोन किलो चारशे ग्रॅम सोयाबीनची ढेप, एक किलो तीनशे ग्रॅम धानाचा कोंडा, सातशे ग्रॅम शिंपल्यांचा चुरा, शंभर ग्रॅम कोंबड्यांचं खनिज मिश्रण आणि तीस ग्रॅम मीठ. हे साधारण सतरा टक्क्यांवर जातं. कोंडलेल्या एका कोंबडीला दिवसाला शंभर-एकशेदहा ग्रॅम लागतं, फिरणारीला सांजेला पन्नास ग्रॅम पुरे. मीठ मोजूनच घाला. मीठ अजिबात नसलं तरी कोंबड्या टोचतात आणि जास्त झालं तर मरतात. खनिज मिश्रणात आधीच मीठ असेल तर वेगळं घालू नका.

दोन गोष्टी घरात असतात म्हणून लोक देतात आणि त्या देऊ नयेत. एक, कच्चं सोयाबीन. त्यातला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही, म्हणून द्यायचंच तर नीट भाजून, भरडून. दुसरी, सरकीची ढेप. गाईला ती चांगली, कोंबडीला नाही. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी घटकामुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि वाढही खुंटते. सुकटीचा चुरा, घरच्या माशांची डोकी, मुलं खणून आणतात त्या उधईचा तुकडा हे मात्र मनापासून द्या.

आता त्या दोन नरांचं काय करायचं? १४ कोंबड्यांना २ कोंबडे हा हिशेब फार बिघडलेला नाही, दर आठ-दहा कोंबड्यांमागे एक लागतो. पण कोंबडा सगळ्यांना सारखा वागवत नाही. त्याच्या दोन-तीन आवडत्या असतात आणि त्यांच्याच पाठी जातात. त्यात तुमचा कोंबडा गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातीचा असेल तर वजन सहज तीन किलोच्या वर, आणि खालची गावठी कोंबडी दीड किलोच्या आतबाहेर. एक कोंबडा महिनाभर वेगळा ठेवा किंवा बाजारात न्या. जो ठेवाल त्याच्या पायामागच्या काट्याचं टोक कानशीने बोथट करा. फार उघडी पाठ असेल तर जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडाचा तुकडा दोन्ही पंखांत अडकेल असा शिवून पाठीवर घालतात, मी बचत गटातल्या बायकांना शिकवलेला आहे. पण दर दोन-तीन दिवसांनी काढून खाली उवा बघायच्या, आणि कडक ऊन असेल तेव्हा घालायचा नाही.

चोच डागू नका. मोठ्या शेडमध्ये हजारो पक्ष्यांसाठी ते करतात, ती वेगळी गोष्ट. तुमच्या कोंबडीला त्याच चोचीने उकरून खायचं आहे आणि उवा काढायच्या आहेत. चोचीच्या आत जिवंत मांस असतं, घरी विळा तापवून डागलेली कोंबडी कित्येक दिवस नीट खात नाही.

पिसं परत येतील का? मुळासकट उपटलेली असतील तर येतील. टोचणं थांबल्यापासून दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात आणि दीड-दोन महिन्यांत पाठ झाकते. तुटलेली असतील तर तो खुंट तसाच राहतो, पुढची झड, म्हणजे जुनी पिसं गळून नवी फुटायची वेळ, येईपर्यंत नवं पीस फुटत नाही. ओढून काढायचा मोह होईल, पण काढू नका. तुमच्या कोंबड्या वर्षावरच्या असतील तर फार थांबावंही लागणार नाही. दिवस लहान होत जातात तसं पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांची झड येते, आधी डोकं-मान, मग पाठ, शेवटी पंख-शेपटी. दोन-तीन महिने लागतात आणि तेवढे दिवस अंडी बंद किंवा अगदी थोडी, कारण सगळं प्रथिन पिसांकडे जातं. त्या काळात त्यांना उगाच धरू नका, कोवळ्या कोंबांना हात लागला की दुखतं. जंताचं औषधही झड सुरू व्हायच्या आधीच देऊन टाका. फेनबेंडाझोलसारख्या औषधाने फुटणारी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. त्या झडीत खाद्य कमी करू नका. अंडी देत नाहीत म्हणून नुसत्या कणकीवर ठेवतात आणि मग पौषाच्या थंडीत कोंबडी उघडीच राहते.

राहिली ती वेगळी काढलेली कोंबडी. जखमेवर खपली धरून ती पडून गेली आणि खाली लाल काही दिसत नाही, तोवर तिला सोडू नका. सोडायची ती रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्या लाकडावर दोन शांत कोंबड्यांच्या मधे नेऊन बसवा. सकाळी दार उघडायच्या आधी ताटीच्या आत दोन मुठी ज्वारी कुटारात उधळून ठेवा आणि पहिला अर्धा तास तिथेच बसून राहा. टोचणारी सहसा एक किंवा दोघीच असतात, त्या अर्ध्या तासात कळतात. तीच कोंबडी परत तिच्यामागे लागली तर या वेळी टोचणारीला उचलून आठ दिवस डालग्याखाली ठेवा, जखमीला नव्हे.